चाखलेली कॅप्सूल

झोप न येणाऱ्या बाईंना आत बोलवायला ती बाहेर आली, तर बाई खुर्चीत गाढ झोपलेल्या!

नुसत्या झोपलेल्या नाहीत, चांगल्या घोरत होत्या. मान एका बाजूला कललेली, पर्स पोटाशी घट्ट धरलेली, एक चप्पल पायातून निसटून टेबलाखाली गेलेली. बाकावर बसलेली इतर माणसं, म्हणजे ज्यांची झोप खरोखरच उडाली होती ती, त्यांच्याकडे अशी बघत होती, जसं उपाशी माणसानं दुसऱ्याच्या भरल्या ताटाकडे बघावं.

"यांनीच फोन केला होता ना?" तिनं हळूच विचारलं. "झोप येत नाही म्हणून?"

"फोन हिनं केला होता, पण झोप येत नाही ती मला." शेजारचा तरुण उठून उभा राहिला. "ही माझी ताई. मी एकटा काही येणार नाही, म्हणून हिनं स्वतःचं नाव दिलं. म्हणाली, तू फक्त सोबतीला चल..."

"आणि?"

"आणि आता तुम्हीच बघा की."

तेवढ्यात ताईंनी एक डोळा उघडला. "बंड्या, आला का रे नंबर? जा की मग आत! माझी कसली आलीये तक्रार?" असं म्हणून त्यांनी कूस बदलली. खुर्चीत कूस बदलणारं माणूस तिनं पहिल्यांदाच पाहिलं.

ती हसू दाबत वळली. तो मागोमाग आत आला, दारातच थबकला आणि त्यानं हवेत नाक वर केलं.

"इथं कुणीतरी आत्ताच लिंबाचं बिस्किट खाल्लंय."

तिचा हात आपोआप ओठांकडे गेला. कण होताच तिथे.

"माफ करा... धंद्याची सवय आहे. बिस्किटांच्या कारखान्यात चव घेतो मी. नोकरीच आहे तशी."

डोळ्यांखाली काळी वर्तुळं आणि हसू मात्र ताजं. असं विचित्र मिश्रण होतं ते... आणि विचित्र मिश्रणं तिला लहानपणापासून आवडायची.

लहानपणी तिनं दोन कुंड्यांत एकसारख्या बिया लावल्या होत्या. एका रोपाशी रोज गप्पा, दुसऱ्याशी कट्टी. बोलल्यानं रोप वाढतं का, ते तिला बघायचं होतं. दोन्ही रोपं सारखीच वाढली! मग कळलं की ती शाळेत गेली की आई गुपचूप त्या कट्टीवाल्या रोपाशी बोलत असे. "बिचारं एकटं पडायचं गं," आई म्हणाली होती. त्या दिवशी ती ढसाढसा रडली. पण हेही शिकली, की खरं काय ते शोधायचं असेल, तर मायेला दाराबाहेर ठेवावं लागतं.

आता मोठेपणी तिचं कामही तेच होतं, फक्त कुंड्यांच्या जागी माणसं. टूथपेस्टच्या शेजारी, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या त्या डब्या असतात ना, सांधे, केस, स्मरणशक्ती, झोप अशी नावं मिरवणाऱ्या... त्या खरंच काही करतात का, हे तपासणारं ते केंद्र. सध्या पाळी होती झोपेच्या एका कॅप्सूलची. आत कसल्याशा पानांचा अर्क आणि डबीवर शांत झोपलेल्या बाईचं चित्र. बाई खरंच त्या कॅप्सूलनं झोपली की चित्रकारानं झोपवली, एवढाच प्रश्न.

"निम्म्या लोकांना खरी कॅप्सूल मिळेल," तिनं त्याला समजावलं. "निम्म्यांना दिसायला अगदी तशीच, पण आत नुसता स्टार्च. तुम्हाला कुठली मिळाली, ते तुम्हाला कळणार नाही. मलाही नाही."

"तुम्हालाही नाही?"

"मला कळलं, तर माझ्या आवाजात येईल. आवाजात आलं, की तुमच्या उत्तरात येईल. म्हणून दोघांच्याही डोळ्यांवर पट्टी."

"म्हणजे ठरवून केलेल्या लग्नासारखंच की," तो गंभीरपणे म्हणाला. "कुणाला काय मिळालंय, ते दोघांनाही माहीत नाही!"

तिनं ओठ चावला. "इथं सही करा."

मग दर शुक्रवारी फोन सुरू झाले.

झोपेबद्दलचे प्रश्न ठरलेले. कागदावर जसे आहेत तसेच वाचायचे, सगळ्यांना एकाच सुरात, शब्द इकडचा तिकडे नाही. ती हे काम देवपूजेसारखं करायची. ताठ बसून, खिडकी लावून.

"गेल्या आठवड्यात अंथरुणावर पडल्यावर झोप लागायला साधारण किती वेळ लागला?"

"आज तुमचा आवाज बसलाय."

"हे उत्तर नाही."

"बरं. पूर्वीपेक्षा कमी लागला. आता सांगा, घशाला काय झालं?"

"हा प्रश्न यादीत नाही."

"यादीबाहेरचं कधी विचारायचं मग?"

"अभ्यास संपल्यावर."

"लिहून ठेवतो..." आणि पलीकडे खरंच पेन खरडल्याचा आवाज आला!

एका शुक्रवारी त्यानं नव्या बिस्किटाचं सांगितलं. त्यात मिरपूड घातली होती, पण इतकी कमी, की जिभेला कळू नये, नुसतं मनाला कळावं. "खाणारा म्हणतो, काहीतरी आहे बुवा यात! काय ते सांगता येत नाही, पण हात मात्र पुन्हा डब्यात जातो." तिनं कोरड्या सुरात पुढचा प्रश्न वाचला. मग फोन ठेवून बराच वेळ नुसती बसून राहिली. काहीतरी आहे बुवा यात...

घरी आईच्या नजरेतून काय सुटतंय!

"चिऊ, एक विचारू? शुक्रवारी केस धुऊन जातेस हल्ली. फोनवर केस दिसायला लागले होय?"

"आई!"

"नाही, माहिती असावी म्हणून विचारलं. तुझ्यासारखीच मीही चौकस."

महिन्याच्या तपासणीला तो यायचा तेव्हा बिस्किटांचा पुडा आणायचा, आणि ती तो परत करायची. सहभागी लोकांकडून काही घ्यायचं नाही, हा नियम. मग तो पुडा टेबलाच्या मधोमध ठेवून बसायचा, आणि दोघं त्याच्याकडे न बघता बोलायचे. त्याच्या डोळ्यांखालची वर्तुळं फिकट होत चालली होती. ताईचं लग्न होऊन ती गेल्यापासून रिकाम्या घरात त्याला झोपच लागत नव्हती, असं त्यानं पहिल्या दिवशी सांगितलं होतं. आता म्हणे पाठ टेकली की डोळा लागायचा.

तिला आनंद व्हायचा. आणि आनंद झाला की लगेच भीती वाटायची.

कारण तिनं माणसांना बरं वाटताना पाहिलं होतं. मागच्या एका अभ्यासात गुडघेदुखीच्या एक आजी स्टार्चच्या कॅप्सूलवर जिने चढायला लागल्या होत्या. खरं कळल्यावर त्या खट्टू होऊन म्हणाल्या, "म्हणजे कुणी मला काही दिलंच नव्हतं?" दिलं होतं. दर आठवड्याला कुणीतरी प्रेमानं विचारत होतं, आज गुडघा कसा आहे... तेच दिलं होतं.

मग यालाही तेच होत असेल तर? हा हसतो, थट्टा करतो, फोनची वाट बघतो ते तिच्यासाठी, की नुसतं कुणीतरी विचारतंय म्हणून? तिच्या जागी दुसरं कुणी असतं, तरी हा असाच हसला असता का?

हा प्रश्न तिला सोडेना. आणि तो विचारायचा तरी कुणाला? तो कुठल्याच यादीत नव्हता.

अभ्यास निम्म्यावर आला त्या तपासणीला बाहेर पाऊस भुरभुरत होता. तो ओल्या छत्रीसकट आत आला, खुर्चीच्या टोकावर बसला. आज पुडा नव्हता.

"मला एक सांगायचंय. चूक झालीये माझ्या हातून... तशी चूकही नाही म्हणा. मी ना, ती कॅप्सूल..."

"काय केलंत?"

"उघडली. एकच. माझा इलाजच नव्हता हो! चाखण्यावर पोट भरतं माझं. रोज एक अनोळखी वस्तू न चाखता गिळायची, म्हणजे... गवयाला कानात बोळे घालून मैफिलीत बसवल्यासारखं झालं ते. जिभेवर ठेवली आणि मला कळलं की ती..."

"सांगू नका!"

तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले. खुर्ची मागे सरकून भिंतीवर आपटली. तो तोंड उघडं ठेवून तसाच थांबला.

"मला सांगायचं नाही," ती कानावरचे हात न काढता म्हणाली. "एक अक्षर नाही! मॅडमच्या खोलीत जा, दार लावून घ्या, आणि त्यांना सांगा."

"पण मला जे म्हणायचंय ते मॅडमना म्हणून काय उपयोग? ते तुम्हालाच..."

"जा ना... प्लीज."

मॅडम म्हणजे केंद्राच्या मुख्य डॉक्टर. तो त्यांच्या खोलीत गेला आणि ती बाहेर पॅसेजमध्ये उभी राहिली. छत्रीतून ठिबकलेलं पाणी फरशीवर पसरत होतं. काय कळलं असेल त्याला? कडू लागली असेल? हिरवा वास आला असेल? की नुसताच... नको, नको. कुतूहल असं की जीभ हुळहुळावी, आणि ते कुतूहल गिळून टाकणं हेच तर तिचं काम!

पण खरी हुळहुळ वेगळीच होती. 'ते तुम्हालाच' म्हणजे काय?

तो बाहेर आला, चेहरा उतरलेला. "नोंद केली त्यांनी. म्हणाल्या, कॅप्सूल घेत राहा, उघडू नका, आणि शेवटपर्यंत कुणाशी बोलू नका."

"बरोबर आहे."

"तुम्ही रागावलात?"

तिनं 'नाही' अशी मान हलवली, आणि तो वळायच्या आत मॅडमच्या दारावर टकटक केली.

"तुझं काय आता?" मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं.

"मॅडम... त्यांचे फोन आणि तपासण्या दुसऱ्या कुणाकडे द्या. माझ्याकडून... माझा सूर सगळ्यांना सारखा राहत नाहीये."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "सगळ्यांना, की एकालाच?"

तिचे कान तापले.

"हे कबूल करायला धाडस लागतं," मॅडम म्हणाल्या. "हीसुद्धा नोंद होईल. मोठ्या सिस्टरांना सांगते. आणि अभ्यास संपेपर्यंत भेटणं नाही, बोलणं नाही. जमेल?"

"जमवीन."

आता मोठ्या सिस्टर म्हणजे काय चीज, ते सांगायला हवं. त्यांनी "बसा" म्हटलं तरी माणूस उठून उभा राहायचा. पुढच्या शुक्रवारी शेजारच्या टेबलावरून त्यांचा आवाज दणदणला, "झोप लागायला किती वेळ लागला? नीट सांगा! साधारण बिधारण नको!" ती उठून लांबच्या खोलीत जाऊन बसली. उत्तर ऐकायचं नव्हतं. ऐकायचंही होतं.

तिनं आईला सगळं सांगितलं.

"मग बोंबललं की काम," आई म्हणाली. "त्या पोराला वाटलं असेल, पोरीनं झटकलं मला."

"वाटू दे. आई, त्याला मीच आवडते का नुसतं विचारलेलं आवडतं, हे मला कसं कळणार?"

"आणि तुला कसं कळलं, तुला तोच आवडतो म्हणून?"

त्या आठवड्यात तिनं दुकानातून लिंबाची बिस्किटं आणली, आणि एकही धड लागेना.

हवा कोरडी झाली, मग पुन्हा दमट झाली. शेवटचा माणूस शेवटची कॅप्सूल गिळून गेला, आकडे मोजले गेले, आणि एका दुपारी खालच्या सभागृहात सगळ्या सहभागी लोकांना बोलावलं. ती मागच्या भिंतीशी उभी राहिली. तो तिसऱ्या रांगेत होता, शेजारी ताई. मॅडम बोलायला उठायच्या आत ताईंची मान कलली होती.

मॅडम म्हणाल्या, "ज्यांनी खरी कॅप्सूल घेतली, त्यांची झोप सुधारली." लोकांनी टाळ्या वाजवल्या. "थांबा. ज्यांनी स्टार्च घेतला, त्यांचीही सुधारली. अगदी तेवढीच."

सभागृहात कुजबुज उठली. तिला मात्र दोन कुंड्या आठवल्या, एकसारखी वाढलेली रोपं, आणि दुसऱ्या कुंडीशी वाकून बोलणारी आई. ती एकटीच हसली.

मग प्रत्येकाला आपापलं पाकीट मिळालं. तिनं पाहिलं, त्यानं पाकीट न उघडताच खिशात घातलं आणि गर्दीतून वाट काढत तो सरळ तिच्याकडे आला.

"संपला ना अभ्यास?"

"संपला."

"मग आता मला बोलू द्या. त्या दिवशी हेच सांगायचं होतं. मी कॅप्सूल चाखली ना, ती नुसता मक्याचा स्टार्च होती. शंभर टक्के! मग मी म्हटलं, मला पोकळ कॅप्सूल मिळालीये आणि तरी झोप लागतेय, म्हणजे झोप कुणामुळे? तुमच्यामुळे. तुमच्या फोनमुळे. पुरावाच मिळाला मला!"

तिचा चेहरा पडला. तेच! जे नको होतं तेच. गुडघ्याच्या आजी.

"ऐका तरी पुढचं. मग तुम्ही गेलात आणि त्या हवालदारबाई आल्या."

"मोठ्या सिस्टर."

"त्याच. आता खोटं कशाला बोलू... झोप तशीच लागत राहिली. पहिल्याइतकीच गाढ."

"मग झालं तर," ती कशीबशी म्हणाली. "म्हणजे माझ्यामुळे नव्हती."

"नव्हतीच! तेच तर सांगतोय. पुरावा गेला. झोपेला तुमची गरज नाही, हे मला कळलं. तरी शुक्रवारी सिस्टरांचा फोन ठेवला, की मी फोन हातात धरून बसून राहायचो. बिस्किट चाखताना वाटायचं, हे त्यांना सांगायला हवं. झोप चांगली, भूक चांगली, तक्रार एकही नाही, आणि तुमची आठवण मात्र रोज. ती कशामुळे, ते तुम्हीच सांगा आता. अभ्यास तुमचा विषय."

इतके दिवस ज्या प्रश्नानं छळलं, त्याचं उत्तर हा माणूस नकळत घेऊन आला होता, आणि तेही स्वतःचाच मुद्दा खोडून! तिच्यामुळे झोप लागते असं म्हणणारे पुष्कळ भेटले असते. तिच्याशिवायही छान झोपतो असं सांगून मग तिलाच मागणारा हा एकच.

"पाकीट उघडा," ती म्हणाली.

"कशाला? माहितीये मला."

"उघडा हो. मला नाही ना माहीत! किती दिवस कुतूहल दाबून बसलेय."

त्यानं पाकीट फाडलं. वाचलं. पुन्हा वाचलं. कागद उलटा करून पाहिला.

"खरी?"

"खरी!" ती टाळी वाजवून ओरडली.

"अशक्य. नुसता स्टार्च होता तो! माझी जीभ..."

"अर्क चिमूटभरच असतो आत. बाकी भर स्टार्चचीच. आणि मॅडमनी आजच सांगितलं, अर्काची चव मुद्दाम काढून टाकलेली, तुमच्यासारख्या आगाऊ जिभांसाठी!"

"कारखान्यात सांगू नका," तो कासावीस होऊन म्हणाला. "नोकरी जाईल माझी." आणि मग दोघांनाही हसू आवरेना. मागे ताई दचकून जाग्या झाल्या, दोघांकडे पाहिलं, आणि समाधानानं पुन्हा डोळे मिटले.

हसू ओसरलं. त्यानं पिशवीतून पुडा काढून पुढे धरला. या वेळी तिनं तो घेतला. मिरपुडीचं बिस्किट होतं ते. तिनं एक तुकडा तोडून जिभेवर ठेवला... लोणी, गोडी, आणि मागून हळूच उमटणारं ते काहीतरी. हात आपसूक पुन्हा पुड्यात गेला. तो तिच्या हाताकडेच बघत होता.

"आता यादीबाहेरचं विचारू?" तो म्हणाला. "लिहून ठेवलं होतं मी."

"विचारा."

"तुम्ही इतक्या लोकांना विचारलंत. तुम्हाला कुणी विचारलंय का कधी?" त्यानं घसा साफ केला, आणि हुबेहूब तिच्या त्या कोरड्या, सरळ सुरात म्हणाला, "गेल्या आठवड्यात अंथरुणावर पडल्यावर झोप लागायला साधारण किती वेळ लागला?"

ती बिस्किटाकडे बघत राहिली. मग त्याच्याकडे.

"लागतच नाहीये," ती म्हणाली. "पाऊस भुरभुरत होता ना, तुम्ही ओली छत्री घेऊन आला होतात... त्या दिवसापासून."